रंगापूर्वीच्या सफाईविषयी थोडी भर

वडिलांच्या काळातला महिंद्रा बी-२७५ ट्रॅक्टर स्वतःच्या हाताने रंगवण्याचा आपला विचार वाचून आनंद झाला. आपल्याला आधी रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक प्राइमरचा, हात देण्याचा सल्ला मिळाला आहे. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की प्राइमरच्याही आधी ग्रीस आणि तेल पूर्णपणे निघाले पाहिजे. मी पहिल्या खेपेस गिअरबॉक्सची बाजू केवळ डिझेलने पुसून रंगवली होती आणि पंधरवड्यातच, नुसते नख लावताच, रुपयाएवढ्या खपल्या सुटू लागल्या. त्यांची आतली बाजू बोटाला तेलकट लागत होती. डिझेल जुने ग्रीस सैल करते खरे, पण स्वतःचा पातळ थर मागे ठेवते. म्हणून त्यानंतर साबणाच्या गरम पाण्याने धुणे, भाग पूर्ण वाळवणे आणि थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसणे आवश्यक आहे. पॉलिश पेपर त्यानंतरच घ्यावा, अन्यथा तेल ओरखड्यांत घासले जाते.

बॉनेट आणि मडगार्डच्या पत्र्याला लांबी, म्हणजे खड्डे भरून सपाट करायची पुट्टी, लागेल. ओतीव भागांना मात्र ती शक्यतो लावू नये, त्यांचा मूळ खरबरीतपणाच शोभतो. रेडिएटरच्या जाळीवर जाड रंग चढू देऊ नये, कारण त्याने उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो. हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) घालून पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग फवारणार असाल, तर त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने ते अडत नाही, हे कृपया गांभीर्याने घ्यावे.