ऊती, ऊतक आणि अळूची देठी

चौकटराणी : नववीतल्या लेकीने चाचणीत ‘मूल ऊती मुळांत असते’ असं लिहिलं आणि मार्क घालवला. तिची चूक मला तरी पटण्यासारखी वाटली! ऊती आणि ऊतक एकच का?

शब्दखुळा : एकच, म्हणजे एकाच कामाला जुंपलेल्या पेशींचा गट. विश्वकोशात ‘ऊतक’, शाळेत ‘ऊती’. संस्कृत ‘वे’ म्हणजे विणणे, त्यातून आलेला शब्द. ‘ओतप्रोत’मधला ‘ओत’ही तिथलाच. इंग्रजी ‘टिश्यू’च्या मुळाशीही विणणंच आहे, म्हणजे शब्द घडवणाऱ्याने चोख काम केलंय. ‘मूल’ मात्र फसलं. तिथे अर्थ ‘पायाभूत’ असा आहे: पातळ भिंतींच्या जिवंत पेशी, मध्ये हवेच्या फटी. बटाट्याचा पिठूळ गर म्हणजे बहुतेक हीच ऊती, पिष्ट साठवून बसलेली. जुना ‘मृदूतक’ कितीतरी बरा. दाबून बघा, नाव पटतं.

चौकटराणी : आणि ‘स्थूलकोन’ ऊती? ती विशालकोनाची बहीण समजतेय.

परसदार : कोन म्हणजे पेशीचे कोपरे, तिथे भिंत जाड असते. फदफद्यासाठी अळूची देठी सोलताना नखाला चिवट दोरे लागतात ना, त्यांत हीच. म्हणून एवढं मोठं पान वाऱ्यावर डुलतं, पण देठ मोडत नाही. पेशी जिवंत असतात, त्यामुळे देठ वाढतो तशी तीही ताणली जाते. दृढ ऊतीचं तसं नाही. ती मेलेली, लिग्निन हे लाकडाला कठीण करणारं द्रव्य भरून टणक झालेली. करवंटी, काथ्या, पेरू खाताना दाताखाली येणारी कचकच, सगळी तिचीच.

द्राक्षवाला : जलवाहिनी-रसवाहिनी हे शब्द मला आवडतात, काम नावातच आहे. त्यांच्याच ‘प्रकाष्ठ-परिकाष्ठ’ या दुसऱ्या नावांमध्ये माझाच गोंधळ होतो. आम्ही बागेत गर्डलिंग करतो, म्हणजे खोडावरची सालीची बारीक गोल पट्टी काढतो. सालीबरोबर रसवाहिनी तुटते, पानांत तयार झालेली साखर खाली मुळांकडे न जाता वर घडांना मिळते, मणी फुगतो. आतल्या लाकडातली जलवाहिनी शाबूत असते, म्हणून वेल सुकत नाही. पट्टी खोल गेली तर मात्र संपलंच.

शब्दखुळा : या दोघींची मूळ ग्रीक नावं वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेलीने १८५८ साली दिली, झायलेम लाकडावरून, फ्लोएम सालीवरून. म्हणजे तुमची सुरी नेमकी त्या दोन शब्दांच्या मधून फिरते.

चौकटराणी : पेशी विभागून वाढ करणारी विभाजी ऊती राहिली. ती शेंड्याला आणि मुळाच्या टोकाला, एवढं तिला येतं.

परसदार : पेरालाही असते म्हणावं. वाऱ्याने लोळलेला ऊस पेरातून वाकून परत डोकं वर काढतो, तो तिच्याच जोरावर.