खोडी नव्हे, कलाच
"यंत्राला चकवणं ही नुसती खोडी, त्यात कला कुठे?" असं कोणी म्हटलं, तर ते मला अजिबात पटत नाही. कलाकार जेम्स ब्रायडल यांची २०१७ मधली 'ऑटोनॉमस ट्रॅप ००१' (म्हणजे स्वयंचलित गाडीसाठीचा सापळा) ही कलाकृती बघा. ग्रीसमधल्या पार्नासस डोंगरावर, जमिनीवर मिठाने आखलेली दोन वर्तुळं. बाहेरचं तुटक, आतलं सलग. रस्त्यावरच्या अशा जोडरेघेत आपल्या बाजूची रेघ तुटक असेल तर ती ओलांडता येते, सलग असेल तर नाही. म्हणजे नियम काटेकोर पाळणारी स्वयंचलित गाडी आत शिरेल आणि तिथेच अडकेल. ना हॅकिंग, ना कोड, फक्त मीठ! (मांत्रिकाचं रिंगणच आठवतं.) गाडीला रेघ दिसते, पण ती कोणी आणि का आखली हे कळत नाही. कितीतरी लेख वाचले, पण ही गोष्ट मला त्या रिंगणानेच समजावली.