बाबांच्या छातीत गाठ आहे, कोणाला दाखवू?

बाबा ६४ वर्षांचे. डाव्या स्तनाग्राखाली चण्याएवढी टणक गाठ आहे. दुखत नाही, म्हणून चार महिने कोणाला बोललेच नाहीत. परवा आईला त्यांच्या बनियनवर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा कळलं. एका डॉक्टरांनी चरबीची गाठ म्हणून मलम दिलं. बाबा म्हणतात, "हा बायकांचा आजार, मला कुठून होणार?" नक्की कोणाकडे जावं?

प्रतिसाद १
ताई, थांबू नका. मला हाच आजार झाला होता, सहा वर्षं झाली. स्तनाच्या कर्करोगात शंभरात जेमतेम एक पुरुष असतो, त्यामुळे डॉक्टरांच्याही चटकन ध्यानात येत नाही. पण एकाच बाजूची, न दुखणारी टणक गाठ आणि त्यात रक्त, हे मलमाचं काम नव्हे. थेट कॅन्सर सर्जनला दाखवा. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, पुरुषांचीही होते. सोबत काखेसकट सोनोग्राफी आणि कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढून तपासणं. कर्करोग निघाला तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-२ (गाठ वाढवणारं प्रथिन) तपासतात. औषधं त्यावर ठरतात.

मॅमोग्राफीला बसलेल्यांत मी एकटाच पुरुष होतो. नाव पुकारल्यावर मला उठवेना. बाबांना एकटं पाठवू नका.

धागाकर्ती
ऑपरेशन करावंच लागतं का, दादा?

प्रतिसाद १
माझा स्तन पूर्ण काढला. पुरुषांत बहुतेकदा तेच करतात, मुळात ऊती थोड्या असतात. काखेतल्या गाठीही तपासतात. केमो, रेडिएशन सगळ्यांना लागत नाही. दहातल्या नऊ पुरुषांची गाठ ईआर पॉझिटिव्ह असते, त्यांना टॅमॉक्सिफेन, म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी, साधारण पाच वर्षं. अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते, शरीरसंबंधांची इच्छा कमी होते. लाजेपायी कोणी बोलत नाही आणि गोळ्या परस्पर बंद होतात. मीही बंद करणार होतो, बायकोने डॉक्टरांसमोर विषय काढला म्हणून वाचलो. एक पाय अचानक सुजला किंवा दम लागला तर मात्र त्याच दिवशी दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते.

प्रतिसाद २
निदान झालं तर बीआरसीए जनुकांची चाचणीही करून घ्या, त्यांत दोष असला तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बीआरसीए-२ मधला दोष वडिलांकडून मुलीत यायची शक्यता निम्मी असते. ताई, हे तुमच्यासाठीही आहे.

धागाकर्ती
उद्या सकाळची वेळ मिळाली. बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, सुई फार दुखते का?

प्रतिसाद १
जागा बधिर करतात, दाब तेवढा जाणवतो. सुई सुटताना खट्कन आवाज येतो, त्याला दचकू नका म्हणावं.