सांगलीच्या उन्हात पग पाळावा का?

विश्रामबागकर: लेकीनं हट्ट धरलाय, पगच पाहिजे. घर वरच्या मजल्यावर, स्लॅब तापतो, एसी नाही. आई दिवसभर घरी असते. मला तरी वाटतं फ्लॅटला याच्याएवढं सोयीचं कुत्रं नाही. सात-आठ किलोचा जीव, भुंकणं कमी, पोरांत रमणारं. पाळलाय त्यांनी बोला.

हळदवाला: घेऊ नका. एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊला आमच्या पगला गणपती मंदिरापर्यंत चालवत नेला. परतताना रस्त्यातच फतकल मारली, जीभ निळसर, घशातून खरखर. पोटावर, पायांवर साधं पाणी ओतलं आणि रिक्षानं डॉक्टरकडे. वाचला. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं; याचं नाकच चेपलेलं, हवा जाणार कुठून? "किती गोड घोरतो" म्हणतात ना, ती श्वासाची ओढाताण असते.

मिरजमळा: साडेनऊला एप्रिलात बाहेर काढलंत, यात कुत्र्याचा काय दोष? माझी सात वर्षांची आहे, ठणठणीत. सकाळी सहाला आणि रात्री नऊला फिरवतो, दुपारी कूलरपुढे. गळ्यात पट्टा नाही, हार्नेस. तोंडावरच्या सुरकुत्या रोज पुसून कोरड्या करायच्या, नाहीतर कुबट वास येतो. खाणं मोजून, हे लठ्ठ झालं की श्वास आणखी अडतो. केस मात्र बारा महिने गळतात, काळी पँट विसरा.

हळदवाला: आणि वळवाआधी लाइट गेली की कूलर काय कामाचा? नेदरलँड्सनं २०१९ मध्ये निकष लावले: तोंड कवटीच्या एक तृतीयांशाहून आखूड असेल तर त्या कुत्र्याची पैदास करायची नाही. उगाच नाही.

मिरजमळा: तो नियम पैदाशीचा. पिल्लू घेताना आई-बाप चालवून बघा, नाकपुड्या उघड्या आहेत का बघा. फोटोवरून बुकिंग करणाऱ्यांचं सोडून द्या.

साताराकर: आमच्याकडं ऊन कमी, तरी डोळ्याचं दुखणं चुकलं नाही. डोळे बाहेर आलेले, मांजरानं एक पंजा मारला आणि महिनाभर ड्रॉप घालत बसलो. २००३ ची ती हच मोबाइल कंपनीची पगवाली जाहिरात बघून घेतलेला, दुसरं काय. आता दारातलं गावठी सांभाळतोय.

विश्रामबागकर: लाइटचं डोक्यातच नव्हतं. इन्व्हर्टर बघतो आधी. खाण्याचं आईला सांगून बघितलं. म्हणाली, "मी चपाती खाताना ते बघत बसलं तर तुकडा देणारच मी."

मिरजमळा: मग नका घेऊ.