मदत हवी आहे: क्लबच्या सामाईक टेबलाला चीर गेली, दुरुस्त कसं करावं?

नमस्कार मंडळी,

आमचा हौशी सुतारकामाचा छोटा क्लब आहे. बाराएक जण, अवजारं सामाईक, आठवड्यातून एक दिवस भुसा उडवायचा. एरवी ज्याचं त्याचं काहीतरी चालू असतं, पण वर्षातून एक काम सगळ्यांनी मिळून करतो. या वेळी वाचनालयासाठी मोठं टेबल केलं. सागाच्या सात फळ्या कडेला कडा चिकटवून १८०० बाय ९०० मिमीचा टॉप, जाडी ३० मिमी. खाली चार पाय आणि कुसाच्या सांध्यांची चौकट.

काम वाटून घेतलं होतं. तिघांनी टॉप केला, चौघांनी चौकट, उरलेल्यांकडे पॉलिश. टेबल देऊन चार महिने झाले, आणि आता टॉपला एका टोकाकडून चीर गेली आहे. साधारण ४०० मिमी लांब, तोंडाशी ३ मिमी रुंद. शिवाय हात फिरवला की मधे जरा खोलगट लागतं.

उलटं करून पाहिलं तर टॉप चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूने आवळलेला, आणि वर 'पक्कं बसावं म्हणून' दोन्ही आखूड पट्ट्यांवर सरसही लावलेला. हे आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी काकांनी केलं. त्यांचा हात इतका सफाईदार आहे की त्यांना कोणी काही विचारतच नाही. (मीसुद्धा तिथेच उभा होतो, स्क्रू मीच देत होतो. तेव्हा दोष एकट्या त्यांचा नाही.)

लांबी (फटी बुजवायचा लगदा) भरून वरून पॉलिश मारावं असं निम्म्या लोकांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण कारण नीट सांगता येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि तुमच्याकडे सामाईक काम असं तुकड्यांत वाटलं तर तुकडे एकमेकांशी जुळतात कसे, हेही सांगा.

पटाशीवाला:
लांबी अजिबात भरू नका. हवा दमट झाली की टॉप रुंदीत फुगणार आणि चीर मिटायला बघणार. मधे कडक लांबी बसलेली असली तर ती एकतर बाहेर येईल, नाहीतर शेजारचे तंतू चिरडेल. पुढच्या कोरड्या हवेत चीर पुन्हा हजर.

गणित बघा. ओलं लाकूड पूर्ण कोरडं होईपर्यंत साग वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतो, वलयांना काटकोनात २.५ टक्के. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी उतरला तर ९०० मिमी रुंदीत सहा-सात मिमीचा फरक पडू शकतो. फळ्या कशा कापल्यात त्यावर कमीजास्त. आखूड पट्टीचे तंतू टॉपच्या तंतूंना आडवे, ती आपल्या लांबीत हलत नाही. तिने टॉपला दोन्ही कडांना धरून ठेवलं, मग तो मधे फाटला. साग तरी बरा, पांढरा ओक असता तर आकसणं दुपटीच्या जवळ गेलं असतं.

चीर जोडावर आहे की फळीत? आणि टॉपच्या खालच्या बाजूला पॉलिश केलंय का?

धागाकर्ता:
जोडावरच आहे, अगदी सरळ रेषेत. खालून पॉलिश नाही. 'खालून कोण बघतंय' असं ठरलं होतं.

पटाशीवाला:
हवा बघते ना! खालची बाजू उघडी, म्हणून ती वरच्या बाजूपेक्षा लवकर ओलावा घेते आणि सोडते. खोलगटपणाचं निदान अर्धं कारण तिथे असेल.

आधी सगळे स्क्रू काढा. सरस लागलाय तिथे टॉप आणि पट्टीच्या मधून पातळ पात्याची करवत फिरवा, पहार घालून उचकटू नका. टॉप सुटला की खाली सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा काही आठवडे राहू द्या. चीर बरीचशी आपोआप जवळ येईल. तरी तिच्यात नुसता सरस ओतू नका, वाळलेल्या सरसावर नवा धरत नाही. त्या जोडावरून टॉप उभा कापून दोन करा, कडा रंधून ताजं लाकूड उघडं करा आणि पुन्हा चिकटवा. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आलटून पालटून लावा. रुंदी चार-पाच मिमी कमी होईल, कोणाला कळणार नाही.

बसवताना आखूड पट्टीच्या मधलं भोक गोल, बाकीची टॉपच्या रुंदीच्या दिशेने लांबट. सरस कुठेच नको. आणि पॉलिश दोन्हीकडून, सारखेच हात.

भुसाभर:
वरच्याला +१. काकांबद्दल एक अंदाज: त्यांची हयात प्लायवूडच्या फर्निचरमध्ये गेली असेल. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात, ते हलूच देत नाहीत, तिथे स्क्रू आणि सरस दोन्ही चालतं. हाताला ती सवय लागते.

काम वाटण्याचं म्हणाल तर आम्ही दोन गोष्टी करतो. मापं टेपने घ्यायची नाहीत. एका काठीवर सगळ्या खुणा करायच्या आणि तीच काठी सगळ्या गटांत फिरवायची, कारण दोन टेप एकसारखं माप दाखवतीलच असं नाही. दुसरं, जिथे दोन गटांचं काम एकमेकांना भेटतं तो सांधा कोणा एका गटाचा नाही. त्या दिवशी दोन्हीकडचा एकेक जण हजर पाहिजे.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. तुमचा अंदाज बरोबर निघाला, काका तीस वर्षं प्लायवर काम करत होते. धागा त्यांना वाचून दाखवला. म्हणाले, "करवत मी फिरवतो, तू टॉप धर." काल स्क्रू काढले, सरस कापला. रात्रीतून चीर ३ मिमीवरून दीडवर आली. टॉप आता पट्ट्यांवर आडवा ठेवलाय. ओलावा मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, तेव्हा दर आठवड्याला रुंदी मोजून खालच्या बाजूवर पेन्सिलीने तारीख टाकून लिहिणार आहे. आकडा किती आठवडे जागचा हलला नाही म्हणजे कापायला घ्यावं?

पटाशीवाला:
लागोपाठ तीन. मोजायची जागा मात्र तीच ठेवा, आणि माणूसही.