पवन मावळातले शेजारी : तुमचे अनुभव लिहा

तुंग आणि तिकोना किल्ले समोरासमोर, मधे पवना धरणाचं पाणी. माझं आजोळ तिकोन्याच्या अंगाला आणि मावशी दिलेली तुंगाच्या बाजूला. आई म्हणते धरणाआधी उन्हाळ्यात लुगडं खोचून नदी पार करायच्या, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आता मावशीकडचे दिवे ओट्यावरून दिसतात पण जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा. तुमचं कोणी इथलं असेल तर लिहा, ट्रेकचे फोटो नकोत प्लीज, ते ढिगाने आहेत.

•

आमची आजी बुडालेल्या गावातली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं, एका मे महिन्यात तिला घेऊन गेलो तर ती देवळाकडे बघेचना, बोट दाखवत बसली, हितं आमचं परडं, हितं चुलत्याचं, तिथं आंबा. आम्हाला नुसता भेगाळलेला गाळ दिसत होता. मग म्हणाली चला, ऊन लागतंय.

•

मी इथली सून, पुण्यात वाढलेली. पहिल्या वर्षी हौसेने भाताच्या आवणीला उतरले, तासाभरात कंबर गेली. शेजारच्या गावच्या बायका येतात मग आपण त्यांच्याकडे जायचं, सावड म्हणतात, पैशाचा हिशोब नाही पण कोण किती दिवस आलं ते सासूबाईंच्या डोक्यात पक्कं 😀 आणि इंद्रायणी तांदळाला मी कोलमएवढं पाणी घातलं, पार खिमट झालं, सासरे म्हणाले घरात बाळ कुठंय?

•

वहिनी, सावड आता कमी झाली हो. आमच्या पट्ट्यात काठाला सगळे टेंट, मी पण लावतो, खोटं कशाला बोलू. शनिवारी स्पीकर लागला की पलीकडच्या गावातून फोन येतात, पाण्यावरून आवाज थेट जातो ना.

•

धरण आमच्या उशाला, पाणी पिंपरी-चिंचवडला. ते पाणी नेणाऱ्या बंद पाइपलाइनविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ गोळीबार झाला, तीन जण गेले. मी कॉलेजला होतो, कामशेतला अडकलो, गाडी नाही म्हणून चालत निघालो तर वाटेतल्या प्रत्येक गावात दारात माणसं, ओळख ना पाळख, विचारत होती आमचा दिसला का.

•

आजीवाले, तुमच्या आजींना विचाराल का तुंगाकडे दिलेली कोणी मैत्रीण होती का? आई विचारतेय.

•

विचारलं. म्हणते आधी तुमच्या आईचं माहेरचं आडनाव सांगा.