पेशंटच्या बोलण्यातले फ्रेजल व्हर्ब्ज कसे पक्के करावेत? सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार. मिरजेत सर्जिकल वॉर्डात काम केल्यावर आता बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात नर्स म्हणून रुजू झाले आहे. ओईटी (आरोग्यसेवेतल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) देऊन आले, त्यामुळे चार्ट, औषधं, डॉक्टरांशी बोलणं यात अडत नाही. अडतं ते पेशंटच्या बोलण्यात. काल एक आजोबा म्हणाले, 'आय कान्ट कीप एनीथिंग डाउन.' लगेच शेजारच्या बाई, 'द पेनकिलर्स आर वेअरिंग ऑफ, लव्ह.' शब्द सगळे ओळखीचे, पण अर्थ मनातल्या मनात जुळवावा लागतो आणि तोवर समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

फ्रेजल व्हर्ब्जच्या, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ, डाउन असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या शब्दांच्या, याद्या उतरवून घेतल्या आहेत. सगळ्या 'ए'पासून सुरू होतात आणि 'सी'पर्यंत येईतो आधीचं पुसलं जातं. दुसरी काही रीत आहे का? पुस्तक, ॲप, काहीही सुचवा. ड्युटी बारा तासांची असते, तेव्हा रोज तासभर बसणं होणार नाही.

आडवाट
केंब्रिजचं 'इंग्लिश फ्रेजल व्हर्ब्ज इन यूज' घ्या, इंटरमीजिएटवालं. डाव्या पानावर माहिती, उजव्या पानावर स्वाध्याय, त्यामुळे एका बैठकीत एक धडा होतो. पहिल्यापासून सुरुवात करू नका, तुमच्या कामाचे धडे आधी उघडा.

रानजाई
कृष्णाकाठ ताई, मी लीड्सला आहे, भारतातून आलेल्या नर्सेसची बोलण्याची तयारी करून घेते. तुमची अडचण जवळजवळ प्रत्येकीची असते, आणि तिचं कारण याद्यांमध्येच आहे. यादीत 'वेअर ऑफ'समोर 'डिमिनिश' लिहिलेलं असतं. म्हणजे एका इंग्रजी शब्दाला दुसरा, त्याहून जड इंग्रजी शब्द. पेशंट बोलत असताना हा वळसा परवडत नाही.

त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: हेच मिरजेतला पेशंट कसं सांगेल? ती भाषा तुम्ही वर्षानुवर्षं ऐकली आहे. 'द ॲनेस्थेटिक हॅज वॉर्न ऑफ' म्हणजे भूल उतरली. 'आय हॅव गॉन ऑफ माय फूड' म्हणजे अन्नावरची वासना उडाली. 'आय हॅव पुट माय बॅक आउट', पाठीत उसण भरली. 'माय नी सीझेस अप इन द मॉर्निंग', सकाळी गुडघा आखडतो. 'शी केम आउट इन अ रॅश', अंगावर पुरळ उठलं. 'इट जस्ट वोन्ट लेट अप', कळ थांबतच नाही. 'आय मस्ट हॅव नॉडेड ऑफ', डोळा लागला असावा. 'हॅज ही कम राउंड यट?', शुद्धीवर आला का? आणि तुमच्या आजोबांचं 'कीप डाउन' म्हणजे पोटात काही ठरत नाही.

बघा, आपल्याकडचा पेशंट 'भूक मंदावण्याचं लक्षण' सांगत नाही, वासना उडाली म्हणतो. इथला पेशंटही तसाच घरच्या भाषेत बोलतो. घरच्या बोलीला घरची बोली जोडली की वळसा उरत नाही.

एक छोटी वही खिशात ठेवा. ड्युटीत कानावर पडलेलं अख्खं वाक्य उतरवा, नुसतं क्रियापद नको, आणि पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काही लिहू नका. घरी गेल्यावर त्याच्यासमोर मराठी वाक्य. दिवसाला दोन-तीन पुरेत.

एक इशारा. 'बंग्ड अप' म्हटलं तर कुणाचं नाक चोंदलेलं असतं, कुणाचं पोट साफ होत नसतं. अशा वेळी अंदाजाने पुढे जायचं नाही, सरळ विचारायचं. आणि फ्रेजल व्हर्ब नसलं तरी हे वाक्य लक्षात असू द्या: 'आय वॉज सिक इन द नाइट' म्हणजे रात्री उलटी झाली. नुसतं 'बरं नव्हतं' असं समजून पुढे गेलात तर नोंद चुकेल.

बोरूबहाद्दर
रानजाई यांची रीत पटली. तिच्या जोडीला अप, ऑफ, आउट या छोट्या शब्दांकडे वेगळं लक्ष द्या असं सुचवेन. आपण 'खा' आणि 'खाऊन टाक' यात फरक करतोच. 'टाक'मुळे काम पुरतं संपवण्याचा भाव येतो. 'ड्रिंक अप', 'फिनिश अप', 'यूज अप' यातला 'अप' तेच काम करतो. 'यूज अप द ओल्ड ड्रेसिंग्ज फर्स्ट', म्हणजे जुनी आधी वापरून टाका. मराठी माणसाला ही वाट मुळातच पायाखालची आहे, इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात मात्र ती कुणी दाखवत नाही.

आडवाट
इथे मला थोडं वेगळं वाटतं. हा हिशेब 'यूज अप'ला चालतो, 'थ्रो अप'ला (उलटी होणं) नाही आणि 'पुट अप विथ'ला (सहन करणं) तर मुळीच नाही. 'पास आउट' (बेशुद्ध पडणं), 'पास अवे' (मरण पावणं), 'पास ऑन' (पुढे पोचवणं) यांचे अर्थ नुसत्या आउट, अवे, ऑनवरून काढायला गेलं तर वॉर्डात भलताच घोळ होईल.

बोरूबहाद्दर
मान्य. नियम म्हणून नकोच. भेटलेलं वाक्य डोक्यात टिकायला आधार म्हणून वापरावा, न भेटलेल्याचा अर्थ लावायला नाही.

तिसरा प्रहर
याद्यांचं ओझं किती घ्यायचं याबद्दल थोडं. गार्नियर आणि श्मिट या अभ्यासकांनी 2015 मध्ये 'फेव्ह लिस्ट' प्रसिद्ध केली. तीत सर्वांत जास्त वापरातले 150 फ्रेजल व्हर्ब्ज आहेत आणि प्रत्येकाचे फक्त मुख्य अर्थ दिले आहेत, सरासरी दोन. तेवढ्या अर्थांत त्या क्रियापदांचा साधारण 75 टक्के वापर येतो. हजारोंच्या यादीपेक्षा ही 150 हाताशी असलेली बरी. वॉर्डातली खास वाक्यं तीत सगळी मिळणार नाहीत, ती वहीतच जमतील.

आणि हे अवघड वाटतं म्हणून मनाला लावून घेऊ नका. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परक्या माणसाला सर्वांत जास्त अडवते.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. 'उसण भरली' वाचून एकदम उजेड पडला, कारण परवाच हे वाक्य ऐकलं होतं. वही आजच घेतली.

आता उलट बाजूने विचारते. मला बोलायचं असतं तेव्हा 'रोल अप युवर स्लीव्ह' म्हणू की 'रोल युवर स्लीव्ह अप'? आणि सोबतच्या एका केरळच्या मैत्रिणीने 'आय पास्ड आउट इन 2018' म्हटल्यावर इथल्या सिस्टरने तिला काळजीने 'आर यू ओके नाउ?' विचारलं. तिथे काय म्हणायचं?

रानजाई
बाहीच्या बाबतीत दोन्ही बरोबर. फक्त 'इट' किंवा 'देम' आलं की ते मध्येच घालायचं: 'रोल इट अप', 'टेक देम ऑफ'. 'रोल अप इट' कुणी म्हणत नाही. पण 'लुक आफ्टर' तुटत नाही, तिथे 'आय विल लुक आफ्टर हिम' असंच. कानाने ओळखायची खूण अशी: 'रोल इट अप'मध्ये जोर 'अप'वर पडतो, न तुटणाऱ्या 'लुक ॲट हिम'मध्ये 'लुक'वर. हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात तेव्हा, इतरांचं बोलणं या एका गोष्टीसाठी ऐकून बघा.

'पास आउट' म्हणजे इथे बेशुद्ध पडणं. लष्करी किंवा पोलिसी प्रशिक्षण पुरं झाल्यावरचं 'पासिंग आउट' आहे, पण आपल्यासाठी 'आय क्वालिफाइड इन 2018' हेच नेमकं.

तसंच 'प्रिपोन' सोडा. ऑपरेशन अलीकडे घेतलं तर 'दे हॅव ब्रॉट इट फॉरवर्ड', पुढे ढकललं तर 'दे हॅव पुट इट बॅक', रद्दच केलं तर 'कॉल्ड ऑफ' किंवा साधं 'कॅन्सल्ड'. उपाशी ठेवलेल्या पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना हे सांगताना छोट्या शब्दावर नीट जोर द्या, कारण सगळी बातमी त्यातच असते.

कृष्णाकाठ
एक शेवटचं. 'आय वॉन्ट टू कम ऑफ द टॅब्लेट्स' म्हणजे गोळ्या बंद करायच्या आहेत, हे बरोबर ना? नोंद करताना असंच लिहू का?

रानजाई
बरोबर. 'कम ऑफ' म्हणजे औषध बंद करणं, 'गो ऑन' म्हणजे सुरू करणं. नोंदीत 'पेशंट विशेस टू स्टॉप' लिहून पुढे औषधाचं नाव, आणि गरज वाटली तर त्याचे शब्द अवतरणात तसेच. त्याच वेळी 'व्हॉट इज पुटिंग यू ऑफ देम?' असं विचारा, म्हणजे गोळ्या नकोशा कशाने झाल्यात ते कळेल. मळमळ होत असली तर बहुतेक तिथेच सांगतात, आणि ते डॉक्टरांच्या कानावर घालता येतं.